मीटिंग झाली, पण ठरले काय?

बाजारात दिवसभर कानावर पडणाऱ्या इंग्रजी शब्दांची मोजदाद केली तर पहिला नंबर 'पेमेंट'चा लागेल आणि दुसरा बहुधा 'मीटिंग'चा. या दोन शब्दांचे नातेही जवळचे आहे. पेमेंट मागायला गेलेल्या माणसाला "शेठ मीटिंगमध्ये आहेत" असे उत्तर मिळते आणि तो समजायचे ते समजून जिना उतरतो. भिवंडी असो, मालेगाव असो, मुंबईची मुहम्मद अली रोड असो, मीटिंग 'लागते', मीटिंग 'बसते', मीटिंग 'उरकते'. दोन भावांचे भांडण मिटले तरी "दोघांची मीटिंग झाली" असे आपण म्हणतो. मुलीच्या लग्नाची बोलणी, सोसायटीची वार्षिक सभा, उमेदवाराने चहावर बोलावलेले मोहल्ल्यातील चार लोक आणि बँकेच्या साहेबांनी केबिनमध्ये दिलेली पाच मिनिटे, या सगळ्यांना आपल्याकडे एकच शब्द पुरतो.

एका शब्दावर एवढा कागद कशाला खर्च करायचा, असे कोणी विचारील. कारण असे की, या शब्दाखाली माणसे सह्या करतात. आणि सही केल्यानंतर तो शब्द बाजारातला राहत नाही, कायद्यातला होतो.

मागे एका यंत्रमाग सोसायटीच्या जुन्या सभासदाची हकीकत माझ्या कानावर आली. वयस्कर बुनकर, सर्वजण त्यांना चाचा म्हणतात. सोसायटीने मीटिंग बोलावली, चाचा असरनंतर गेले, चहा झाला, सुताच्या भावाबद्दल आणि वीजबिलाबद्दल बरीच गरमागरमी झाली, निघताना रजिस्टर पुढे आले, चाचांनी सही केली. पाच-सहा महिन्यांनी कळले की त्या दिवशी सोसायटीची मागची शेड भाड्याने देण्याचा ठराव 'एकमताने मंजूर' झाला होता. चाचा शपथेवर सांगतात की असा विषय निघालाच नाही. चिटणीस म्हणतात, तुमची सही आहे. दोघेही खरे बोलत असतील. सही हजेरीची होती. ठराव नंतर लिहिला गेला.

हे एका सोसायटीचे वर्तमान नाही. आपल्या वाचकांपैकी कितीजणांनी कोऱ्या पानाखाली सही केली असेल, हे ज्याचे त्याला ठाऊक.

आता शब्दाकडे येऊ. इंग्रजीत 'मीट' म्हणजे भेटणे, समोरासमोर येणे. दोन नद्या मिळतात तिथेही हाच शब्द, घोड्यांच्या शर्यतींचा हंगामी कार्यक्रम ठरतो तोही 'रेस मीटिंग'. म्हणजे त्यांच्या शब्दात मूळ कल्पना दोघे एकत्र येण्याची आहे. हे म्हणणे कोशापुरते नाही, इंग्लंडच्या कोर्टाने ते १८७६ साली निकालात सांगितले आहे. त्या खटल्याची गोष्ट मजेदार आहे. कॉर्नवॉल भागातील एका खाण कंपनीने लंडनमध्ये भागधारकांची सभा बोलावली. आला एकच भागधारक. दुसरा माणूस कंपनीचा चिटणीस, पण त्याच्याजवळ एकही भाग नव्हता. आलेल्या गृहस्थाने स्वतःच अध्यक्षस्थान स्वीकारले, हिशेब मंजूर केले, प्रत्येक भागामागे साडेचार शिलिंगांची वसुली करण्याचा ठराव केला आणि शेवटी अध्यक्षांचे, म्हणजे स्वतःचेच, आभार मानले. डॉज नावाच्या एका भागधारकाने ही वसुली देण्याचे नाकारले. कोर्टाने त्याची बाजू घेतली. एकटा माणूस मीटिंग करू शकत नाही, मीटिंग म्हटले की एकाहून अधिक माणसे एकत्र आलीच पाहिजेत, असा निर्णय झाला. आजही हा निकाल वकिलांना शिकवला जातो. आपल्या कंपनी कायद्याने (२०१३) त्याला अपवादही ठेवला आहे: न्यायाधिकरणाने सभा घेण्याचा हुकूम दिला तर एका सभासदाच्या उपस्थितीलाही सभा मानता येते. पण तो हुकूम न्यायाधिकरणाचा असावा लागतो, चिटणिसाचा नाही.

आपल्याकडे त्या खाणीच्या अध्यक्षांचे भाऊबंद पुष्कळ आहेत. फरक इतकाच की ते एकटे असूनही रजिस्टरात चाळीस सह्या असतात.

आपले शब्द वेगळ्या मुळातून आले आहेत. मजलिस, जलसा, इजलास हे सारे अरबीतील 'बसणे' या अर्थाच्या धातूचे. मराठीतील 'बैठक'ही बसण्यावरूनच. दुसरे कुटुंब जमात, जुमा, जामा मशीद, मजमा यांचे. त्याचा अर्थ एकत्र करणे. आपल्या वहीतील 'जमा' याच घराण्यातला. माणसे एकत्र आली तर जमात आणि पैसा एकत्र आला तर जमा. तिसरा शब्द मशवरा, त्याचाच सख्खा भाऊ शूरा. म्हणजे बसणे, जमणे आणि सल्लामसलत करणे या तीन वेगळ्या गोष्टींना आपल्याजवळ तीन वेगळे शब्द होते. कोकणातल्या गावात जमातीची सभा म्हटली की ती कोण बोलावणार, कोण बोलणार आणि तिचा निर्णय कोणाला बांधील, हे जुन्या माणसांना सांगावे लागत नसे. मुंबईच्या मेमन आणि खोजा जमातींनी तर त्यासाठी जमातखाने बांधले. आता सगळ्यांच्या जागी 'मीटिंग' आली, आणि आपण नुसते बसलो होतो, सल्ला देत होतो की निर्णय घेत होतो, हेच कळेनासे झाले. शब्द परका आहे म्हणून माझी तक्रार नाही. टेबल, बिल, चेक हेही परके आहेत. तक्रार एवढीच की शब्द घेतला आणि त्याच्याबरोबर आलेली शिस्त दारातच सोडली.

ती शिस्त कशी असते, याचे एक उदाहरण इंग्लंडमधलेच आहे आणि ते व्यापाऱ्यांनी ऐकण्यासारखे आहे. तिथे सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स याच्या शिकवणीतून क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ निघाला. त्यांच्या प्रार्थनेलाही 'मीटिंग'च म्हणतात. पाद्री नाही, बाजा नाही, सगळे शांत बसतात. त्यांची कामकाजाची मीटिंगही अशीच. तिथे मतदान होत नाही. चर्चा ऐकून लिहिणारा माणूस त्याच बैठकीत निर्णयाचा मजकूर तयार करतो, सर्वांसमोर वाचून दाखवतो, दुरुस्त्या होतात, सर्वांची संमती झाली की मगच पुढचा विषय. घरी जाऊन, आठ दिवसांनी, सोयीप्रमाणे लिहिणे नाही. या पंथाचे लोक बहुतेक व्यापारी आणि कारागीर होते. बार्कलेज आणि लॉइड्स या बँका, कॅडबरीची चॉकलेटची पेढी, यांची सुरुवात क्वेकर घराण्यांतून झाली. आपल्या कोणा माणसाने बेपर्वाईने धंदा करून लोकांचे पैसे बुडवले तर त्यांची मीटिंग त्याची चौकशी करी आणि प्रसंगी त्याला पंथाबाहेर काढी. त्यामुळे गिऱ्हाईक त्यांच्यावर विश्वास ठेवी. धर्म आपला नाही, बँकांचे व्याज तर आपल्याला मुळीच मान्य नाही, पण बैठकीतच लिहून बैठकीतच वाचणे यात आपल्याला शरमण्यासारखे काय आहे?

उलट हे आपल्या घरचेच आहे. पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरामधील २८२ वी, ही नमाजाबद्दल किंवा रोजाबद्दल नाही, ती देण्याघेण्याच्या कागदाबद्दल आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. हातोहात होणाऱ्या सौद्याला लिहिण्यापासून सूट दिली आहे, पण तिथेही साक्षीदार करण्यास सांगितले आहे. या आयतीतील एका गोष्टीकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देण्याचा बोजा पडणार आहे त्याने. तो सांगण्यास असमर्थ असेल तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने. म्हणजे निर्णयाचा भार ज्याच्या खांद्यावर येणार त्याच्या तोंडून शब्द निघाले पाहिजेत. आता चाचांच्या सोसायटीचे रजिस्टर आठवा. भार चाळीस बुनकरांवर, आणि मजकूर लिहिणार एक चिटणीस, तेही सगळे घरी गेल्यावर.

मशवऱ्याबद्दलही तसेच. सूरह शूरामधील ३८ व्या आयतीत आपसात सल्लामसलतीने कारभार करणाऱ्यांचा उल्लेख येतो तो नमाज कायम करणे आणि अल्लाहने दिलेल्या रोजीतून खर्च करणे या दोहोंच्या मध्ये. उहुदच्या वेळी (इ. स. ६२५) प्रेषित मुहम्मद (स.) यांचे स्वतःचे मत मदीनेत राहून लढावे असे होते. बऱ्याच साथीदारांनी, विशेषतः तरुणांनी, बाहेर पडण्याचा आग्रह धरला. प्रेषितांनी (स.) तो मानला. पुढे काय नुकसान झाले ते सर्वांना माहीत आहे. त्यानंतर सूरह आलि इमरानमध्ये आदेश उतरला तो त्यांना माफ करण्याचा आणि पुढेही त्यांच्याशी सल्लामसलत करीत राहण्याचा. आपल्या दुकानात धाकट्या भावाचा सल्ला मानून एखादा माल अंगावर पडला की थोरले भाऊ दहा वर्षे त्याला तोंड उघडू देत नाहीत. मग घरात मीटिंग होते ती कशी, एकजण बोलतो आणि बाकीचे चहा संपवतात.

भावाभावांच्या पेढ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपले बहुतेक धंदे भागीदारीत आहेत, आणि भागीदार म्हणजे भाऊ, चुलत भाऊ, मेहुणे. १९३२ चा भागीदारी कायदा त्यांना लागू होतो. त्याच्या १२ व्या कलमात असे आहे की धंद्यातील रोजच्या बाबींवर मतभेद झाला तर बहुमताने निर्णय घेता येईल, पण निर्णय होण्यापूर्वी प्रत्येक भागीदाराला आपले मत मांडण्याचा हक्क आहे. धंद्याचे स्वरूपच बदलायचे असेल तर मात्र सर्वांची संमती हवी. वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्कही प्रत्येकाला आहे. करारनाम्यात वेगळे लिहिले असेल तर ते पाहावे, पण किती घरांत करारनामा कपाटातून बाहेर काढून वाचला जातो? कपड्याच्या दुकानाचे मोबाइलचे दुकान झाले आणि तिसऱ्या भावाला बोर्ड बदलल्यावर कळले, असे प्रकार आपण पाहतो. "भाईजान, मला विचारले नाही" या एका वाक्यातून फुटलेली घरे मोजायला बसलो तर हे पान पुरणार नाही. महिन्यातून एकदा इशानंतर अर्धा तास, एक शंभर पानी वही, तारीख, कोण हजर, काय ठरले, सर्वांच्या सह्या. याला वकील लागत नाही.

सहकारी सोसायट्यांचे नियम सभासदांना ठाऊक नसतात म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. महाराष्ट्रातील सहकारी संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेची नोटीस येते तिच्यावर विषय छापलेले असतात. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आपण हा विषय कंटाळवाणा समजून उशिरा जातो. वास्तविक सगळी मेख तिथेच आहे. मागच्या वेळी प्रोसिडिंग बुकात जे लिहिले ते आपल्यासमोर वाचले जाण्याची, आणि चुकीचे असेल तर हरकत नोंदवण्याची, तीच वेळ. चाचांची शेड त्या पहिल्या विषयात वाचली गेली असती. पण पुढच्या सभेत 'वाचून कायम' ऐवजी 'वाचले असे समजून कायम' झाले.

शेवटचा विषय असतो अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. हाही कान टवकारून ऐकावा. मोठ्या खर्चाचा, जागेचा किंवा पोटनियम बदलण्याचा निर्णय असा पोतडीतून काढायचा नसतो. तो आधी नोटिशीत सांगायचा असतो, म्हणजे ज्याला विरोध करायचा आहे तो हजर राहील. आणि नोटिशीच्या अगदी तळाशी, बारीक टाइपात, आपल्याकडे सर्रास एक टीप असते: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल आणि तिला गणपूर्तीची गरज राहणार नाही. या अर्ध्या तासावर कित्येक संस्था चालतात. पाचची सभा, आपण सवयीप्रमाणे पावणेसहाला पोहोचतो, तोवर आठ माणसांनी तीनशे सभासदांचा कारभार उरकलेला असतो. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. ते वेळेवर आले होते.

कंपनी केली असेल तर नियम आणखी कडक. सर्वसाधारण सभेला २१ पूर्ण दिवसांची नोटीस. 'पूर्ण' म्हणजे नोटीस पोहोचण्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही वगळून. इतिवृत्त ३० दिवसांत लिहायचे, पानांना क्रम हवेत, चिकटवाचिकटवी चालत नाही. दोन भावांची प्रायव्हेट लिमिटेड असली तरी इतिवृत्त लिहिण्यातून सुटका नाही, आणि असे असूनही यांतली बरीच इतिवृत्ते मार्च महिन्यात सी.ए.च्या ऑफिसात एका बैठकीत तयार होतात हे सर्वांना माहीत आहे. जोवर भाऊ एकत्र आहेत तोवर कोणी विचारीत नाही. बिनसले की पहिल्यांदा तीच फाइल उघडते.

आता एक अशी मीटिंग, जिथे आपल्याला बोलावले तरी मत देता येत नाही. आपले कारागीर आणि छोटे कारखानदार मोठ्या कंपन्यांना माल पुरवतात: शिलाई, जरी, भरतकाम, चामडे, फर्निचर, पॅकिंग. अशी कंपनी बुडाली आणि प्रकरण २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली गेले की धनकोंची समिती बसते. आपला माणूस म्हणतो, माझेही आठ लाख येणे आहेत, मीही जाईन मीटिंगला. पण त्या समितीत सर्वसाधारणपणे ज्यांनी कर्ज दिले ते, म्हणजे बँका वगैरे, बसतात आणि रकमेच्या प्रमाणात मते देतात. कंपनीची पुढची योजना मंजूर करण्यास ६६ टक्के मते लागतात. ज्यांनी माल दिला किंवा काम करून दिले त्यांची एकूण येणी कर्जाच्या निदान १० टक्के असतील तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीची नोटीस मिळते, तो येऊन बसू शकतो, पण मत नाही. हे योग्य की अयोग्य, यावर माझे मत असे की ज्याने उधारीवर माल देऊन कंपनी चालू ठेवली त्याला नुसते श्रोता बनवणे अन्यायाचे आहे. पण कायदा बदलेपर्यंत एक काम हातात आहे. पेपरात जाहीर सूचना येते, तिच्यात दावा दाखल करण्याची मुदत असते. त्या मुदतीत बिले, चलने आणि बँकेचे उतारे जोडून दावा टाकावा. जो फक्त "शेठने सांगितले आहे, तुमचे पैसे बुडणार नाहीत" यावर बसून राहिला त्याचे येणे पुढे निघणे फार कठीण. आणि चलनावर समोरच्याची सही नसेल तर तोंडी मीटिंगमध्ये काय ठरले होते ते कोणी ऐकत नाही.

कारागिरांसाठी अलीकडे आणखी एक दार उघडले आहे, तेही मीटिंगमधूनच जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे ही वाद्ये घडवणाऱ्यांत शिकलगार घराणी पिढ्यानपिढ्या आहेत. हत्यारे घडवणारे हात वाद्यांकडे वळले, हा इतिहास सांगलीकडच्या लोकांना ठाऊक आहे. असे मानांकन एखाद्या कारागिराच्या नावे मिळत नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे अर्ज उत्पादकांच्या संघटनेने किंवा त्यांचे हित पाहणाऱ्या संस्थेने करायचा असतो. म्हणजे मान गावाचा, आणि कागद संस्थेचा. त्या संस्थेच्या सभेत कोण बसते, सभासद कोणाला करून घेतात, यावर पुढे बरेच अवलंबून राहणार. मिरजेत वाईट चालले आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. सांगायचे ते येवल्याच्या, औरंगाबादच्या हिमरूच्या आणि अशा सर्वच कारागिरांना की, संस्थेला मानांकन मिळाले म्हणून आपोआप आपले नाव त्यात येत नाही. प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. ज्या सभेत ते अर्ज वाटले त्या दिवशी आपण गैरहजर, आणि दोन वर्षांनी दलालाच्या नावे नोंद, असे होऊ नये.

या बाबतीत आपल्या घरातल्या बायका आपल्यापुढे गेल्या आहेत. हे वाक्य काही वाचकांना रुचणार नाही. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली तेव्हापासून या गटांना पाच सूत्रे शिकवली जातात, आणि त्यात पहिले सूत्र आहे नियमित बैठक, शेवटचे नियमित हिशेब लेखन. गटातल्या अंतर्गत कर्जावरचे व्याज हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे आणि काही ठिकाणी बिनव्याजी पद्धतीचे प्रयोगही झाले आहेत. तो विषय स्वतंत्रपणे लिहिण्याजोगा. पण बैठक पाहायची असेल तर तिथे पाहावी. दहा-पंधरा बायका चटईवर गोल बसतात. ठरलेला वार, ठरलेली वेळ. पैसे सर्वांसमोर मोजले जातात, पासबुकात नोंद होते, न येणारीला दंड. ज्या बाईला वाचता येत नाही ती शेजारणीकडून वाचून घेते आणि मगच अंगठा देते. तिचा नवरा मात्र शंभर मीटरवर सोसायटीच्या ऑफिसात चहा पिऊन न वाचलेल्या पानावर सही करीत असतो. त्या बायकांपैकी कितीतरी जणी जरीकाम, भरतकाम, विड्या वळणे हीच कामे करतात, काही तर कारागीर सोसायटीच्या कागदावर सभासदही असतात. सोसायटीच्या सभेची नोटीस त्यांच्या नावाने निघते आणि घरातल्या पुरुषाच्या हातात पडते. सभासद त्या आहेत, मत त्यांचे आहे. सूरह मुजादलामध्ये मजलिसीत जागा करून देण्याचा आदेश आहे. त्या जागेचा विचार इथेही व्हावा.

भिशीचेही असेच. भिशीच्या मीटिंगला कधी गणपूर्तीचा प्रश्न आल्याचे ऐकले आहे का? चिठ्ठी उघडणार म्हटले की आजारी माणूसही येतो. म्हणजे आपल्याला वेळेवर येता येते, ऐकता येते, लक्षात ठेवता येते.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर "सर्वांना मान्य आहे ना?" असे विचारून अंगठ्याची चित्रे मोजणे ही नवी मीटिंग निघाली आहे. निरोप देण्यास ग्रुप उत्तम. ठराव करण्यास नाही. करोनाच्या काळात, एप्रिल २०२० पासून, कंपन्यांना व्हिडिओद्वारे सर्वसाधारण सभा घेण्याची मुभा मिळाली, पण तिथेही नोटीस, हजेरीची मोजणी आणि इतिवृत्त हे तिन्ही कायम राहिले. अंगठ्याच्या चित्राला इतिवृत्त म्हणत नाहीत.

चाचांच्या सोसायटीत पुढे काय करता येईल, असे मला विचारण्यात आले होते. सहकार कायद्याच्या ७६ व्या कलमाप्रमाणे एक-पंचमांश सभासदांनी, किंवा पोटनियमात त्याहून कमी संख्या असेल तर तितक्यांनी, लेखी मागणी केली की विशेष सर्वसाधारण सभा एका महिन्यात बोलवावीच लागते. नाही बोलावली तर निबंधकांना ती बोलावण्याचा अधिकार आहे. मागणीत विषय स्पष्ट लिहावा: शेड भाड्याने देण्याचा ठराव, त्याची तारीख, करारनाम्याची नक्कल सभेपुढे ठेवणे. सह्या घेताना कागद प्रत्येकाला वाचून दाखवावा. पोच घ्यावी. आणि नोटीस आली की तळाची टीप पाहून पंधरा मिनिटे आधी जाऊन बसावे.